मदतनिधीसाठी नव्या गाण्यांचा अल्बम: पैशाची वाट आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेगवेगळ्या ठिकाणी राहणारे तुम्ही बारा जण, कुणी गाणारं, कुणी वाजवणारं, कुणी लिहिणारं. प्रत्येकाने एक नवं, स्वतःचं गाणं द्यायचं, त्यांचा अल्बम काढायचा आणि येणारी सगळी रक्कम मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला द्यायची. तीन गाणी तयार आहेत आणि "पैशाचं काय ते शेवटी बघू" असं ठरलंय. मी असे दोन अल्बम जुळवून आणलेत, म्हणून त्या शेवटच्या वाक्यापाशी अडखळले. पैशाचं सगळ्यात आधी बघा. बाकीची कामं मागेपुढे झाली तरी निभावतं.

आमच्या पहिल्या अल्बमला दहा गाणी होती आणि तो वाटलं होतं त्यापेक्षा बरा खपला. वितरकाकडची, म्हणजे गाणी ऑनलाइन दुकानांत पोचवणाऱ्या कंपनीकडची, नोंदणी आमच्यातल्या एकाच्या नावावर होती, त्यामुळे रक्कम त्याच्याच वैयक्तिक खात्यात जमा होत राहिली. वर्षअखेरीला ती त्याचं उत्पन्न म्हणून मोजली गेली. त्याने स्वतःच्या खिशातून कर भरला, मग कागदपत्रं, मग पत्रव्यवहार. संस्थेच्या हाती पैसे पडायला अकरा महिने गेले. ज्या वर्गखोल्यांसाठी ते हवे होते त्यांचं काम तोवर दुसऱ्या कुणीतरी पुरं केलं होतं. आमचे पैसे वाया गेले नाहीत, दुसरीकडे लागले. पण ऐकणाऱ्यांना आम्ही जे सांगितलं होतं ते घडलं नाही, आणि ते मला आजही लागतं.

मोठ्यांचंही असंच झालंय. पंडित रविशंकर यांच्या सांगण्यावरून बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली. तिकिटांचे पैसे युनिसेफकडे लवकर पोचले. पण त्या मैफलीच्या अल्बमची आणि चित्रपटाची मोठी कमाई अमेरिकेच्या करखात्यात कित्येक वर्षं अडकली, कारण करसवलतीची व्यवस्था आधी करून ठेवलेली नव्हती. याच्या उलट उदाहरण १९९५ सालचं. बोस्नियाच्या युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी वॉर चाइल्ड या संस्थेचा 'हेल्प' हा अल्बम ४ सप्टेंबरला, एकाच दिवसात रेकॉर्ड झाला आणि ९ सप्टेंबरला दुकानांत होता. तिथे पहिला सूर लागायच्या आधीच पैसे कुणाकडे जाणार हे ठरलेलं होतं.

तेव्हा या आठवड्यात संस्थेला पत्र लिहा. तुमचं नाव आणि चिन्ह वापरू का, रक्कम कुठल्या खात्यात यावी, ती विशिष्ट कामासाठी राखून ठेवता येईल का, पावती कुणाच्या नावाने निघेल, असं सगळं स्पष्ट विचारा. काही देशांत संस्थेच्या नावावर काही विकायचं तर लेखी करार कायद्यानेच लागतो. संस्थेचे लोक हे प्रश्न रोज हाताळतात, ते वाट दाखवतात. जमलं तर विक्रीच्या खात्याला पैसे घेणारा म्हणून थेट संस्थेचीच नोंद करा. तुमच्यापैकी कुणाच्याही खात्यातून रक्कम फिरली नाही तर निम्मी डोकेदुखी जागच्या जागी संपते.

आणि "सगळी रक्कम" म्हणजे नक्की काय, हे ठरवा. मास्टरिंग (सगळ्या गाण्यांच्या आवाजावरचा शेवटचा हात), मुखपृष्ठ, वितरकाची फी हा खर्च आधी वजा होणार की तुम्ही पदरचा घालणार? आम्ही दुसऱ्या वेळी खर्च आपसात वाटून घेतला आणि मुखपृष्ठावर लिहिलं, "विक्रेत्याचा हिस्सा वजा जाता पूर्ण रक्कम संस्थेला." एवढं छोटं वाक्य, पण ते खरं होतं.

आता हक्क. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात: शब्द आणि चाल ही एक, आणि ते रेकॉर्डिंग, म्हणजे मास्टर, ही दुसरी. अल्बम विकून येणारा पैसा मास्टरच्या वाटेने येतो. गीतकार-संगीतकाराची रॉयल्टी त्यांच्या त्यांच्या हक्कसंस्थेमार्फत वेगळी जाते, ती आपोआप निधीत येत नाही. तीही द्यायची असेल तर प्रत्येकाने स्वतः वळवावी लागते. कुणावर सक्ती करू नका, फक्त काय ठरलं ते लिहा. गाण्याचे हक्क अल्बमच्या नावाने कायमचे लिहून मागू नका. ठरावीक मुदतीची परवानगी घ्या, समजा पाच वर्षांची, आणि गाणं दुसरीकडे वापरायची मोकळीक मूळ कलाकाराकडेच राहू द्या. माणसं मोठ्या मनाने गाणं देतात, त्या मोठेपणाचा फायदा घेतल्यासारखं व्हायला नको. प्रत्येक गाण्याचं एक पान पुरतं: शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणी काय वाजवलं, कुणाचा किती टक्के वाटा, खाली सगळ्यांच्या सह्या. सह्या गाणं ताजं असतानाच घ्या. तो मधला तुकडा कुणी सुचवला हे सहा महिन्यांनी प्रत्येकाला वेगळंच आठवतं.

आणि प्रत्येकाला नावानिशी विचारा की कुठल्या कंपनीशी आधीचा करार आहे का. आमच्या एका गायिकेचा होता. तिच्याही लक्षात नव्हतं. ऐनवेळी ते गाणं काढावं लागलं आणि ती ढसाढसा रडली.

कामाच्या बाजूचं सांगते. लांबून रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी पहिल्याच दिवशी एक पान पाठवा: ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा), २४ बिट, वेव्ह फाइल, प्रत्येक ट्रॅक, म्हणजे एकेका आवाजाचं किंवा वाद्याचं वेगळं रेकॉर्डिंग, शून्यापासून सुरू, सोबत टेम्पोचा आकडा आणि गाण्याची पट्टी. हे किती महत्त्वाचं आहे त्याचा एक अनुभव. एका मित्राने गाणं ४४.१ वर रेकॉर्ड केलं आणि मिक्स करणाऱ्याने, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवणाऱ्याने, ते न बदलता ४८ च्या प्रोजेक्टमध्ये उघडलं. गाणं काळी एक या पट्टीतलं. ऐकू आलं तेव्हा सूर पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधेच कुठेतरी लटकत होता, लयही पुढे पळत होती. तानपुरा दुसऱ्याकडून आलेला, तो बरोबर लागला होता. दोन्ही एकदम वाजले आणि खोलीत कुणी बोलेना. गायकाला वाटलं आपणच बेसूर गायलो. त्याने न सांगता पुन्हा चार वेळा गाऊन पाठवलं, घसा बसेपर्यंत. दोष फक्त एका आकड्याचा होता, आणि तो आमच्या ध्यानात यायला तीन दिवस लागले.

मिक्स प्रत्येकाने आपापलं केलं तरी मास्टरिंग एकाच माणसाकडे द्या, नाहीतर एक गाणं कानावर आदळतं आणि पुढचं ऐकायला आवाज वाढवावा लागतो. मिक्सवर लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक पातळीवर दाबून धरणारं साधन, लावू नका, साधारण सहा डेसिबलची जागा मोकळी सोडा. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा त्याच्या ओळखीचा १२ अक्षर-अंकी क्रमांक लागतो, तो वितरक देतो. नावांचं शुद्धलेखन मात्र तुम्हीच तपासा. तबलजीचं नाव चुकलं तर त्याने काय मिळवलं या सगळ्यातून?

स्ट्रीमिंगवर भिस्त ठेवू नका. स्पॉटिफायवर २०२४ पासून, आधीच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. बारा नवी गाणी प्रत्येकी सहाशे वेळा ऐकली गेली, तर संस्थेला तिथून शून्य. अल्बम विकत घेता येईल अशी जागा हवी. बँडकॅम्प हे कलाकारांना थेट गाणी विकू देणारं संकेतस्थळ डिजिटल विक्रीतला १५ टक्के हिस्सा ठेवतं, पेमेंटचं शुल्क वेगळं, आणि 'बँडकॅम्प फ्रायडे'च्या दिवशी आपला हिस्सा सोडतं. प्रकाशनाची तारीख अशा शुक्रवारी धरा. ठरवलेल्या किमतीपेक्षा जास्त देण्याची सोयही तिथे ठेवता येते, आणि लोक देतात. आम्हाला एकाने किमतीच्या आठपट दिले होते, सोबत एक ओळ: "दुसरं गाणं आईला ऐकवलं."

शेवटी गाण्यांबद्दल, कारण हे सगळं त्यांच्यासाठी चाललंय. कुणी उरलंसुरलं गाणं देऊ लागलं तर प्रेमाने परत करा. "चांगल्या कामासाठी आहे, चालून जाईल" असं म्हणून आलेलं गाणं ऐकणाऱ्याला लगेच कळतं. गाणं मुलांच्या दुःखावरच हवं असंही नाही. आमच्या दुसऱ्या अल्बममधलं सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं गाणं सायकल शिकण्यावर होतं. माझं मत विचाराल तर बारा एकेकटी गाणी करण्यापेक्षा जोड्या लावा. जे एकमेकांबरोबर कधी बसले नाहीत त्यांना बसवा: या टोकाच्या गीतकाराचे शब्द, त्या टोकाच्या सतारियाची चाल. आम्ही अशा सहा जोड्या लावल्या. दोन फिसकटल्या, चार गाणी अशी झाली की त्यातल्या कुणाकडूनही ती एकट्याने झाली नसती. एक जोडी अजून एकत्र गाणी करते. बारा हवी असतील तर चौदा मागा, कारण एकजण आजारी पडतो आणि एकाची चाल सुचत नाही. डेमो सगळ्यांनी सगळ्यांचे ऐका. १९८५ मध्ये अमेरिकी संगीत-निर्माता क्विन्सी जोन्सने आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी एका रात्रीत चाळीसहून जास्त गायक गायला लावले, पण गाण्याची कॅसेट त्यांच्या घरी आधीच पोचवली होती. अहंकार दाराशी ठेवून या, अशी पाटी लावली होती ती वेगळीच.

संस्थेला पाठवायच्या पत्राचा आणि हक्कांच्या पानाचा मसुदा झाला की इथेच टाका. नावं काढून टाकलीत तरी चालेल. मी ओळ न ओळ वाचून देईन, आणि आमच्या दुसऱ्या अल्बमचं पान पाठवते, त्यावरून तुमचं करा.