वाचकांचे प्रश्न : सिकलसेलच्या शिबिरातून मानवशास्त्राकडे

प्रश्न : मी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केले असून वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकला. गावातील सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) तपासणी शिबिरात मदत करताना ‘बायोमेडिकल अँथ्रोपॉलॉजी’ हे नाव प्रथमच ऐकले. हा विषय काय आहे, कोठे शिकता येतो आणि पुढे नोकरी मिळते का? – एक वाचक, शहादा

उत्तर : आपण शिबिरात पाहिलेच असेल, की बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब नळीतील द्रावणात मिसळल्यावर ते गढूळ होऊन मागच्या कागदावरील काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकल हिमोग्लोबिन असल्याचे समजतात. ती व्यक्ती वाहक (स्वतः सहसा आजारी नसलेली, पण जनुक मुलांकडे देऊ शकणारी) आहे की रुग्ण, हे मात्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीनंतरच कळते. येथवर काम प्रयोगशाळेचे झाले. सातपुड्यातील भिल्ल आणि पावरा समाजांत हे जनुक कसे टिकले, त्यात वाहकांना मलेरियापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा वाटा किती, आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक खेपेला मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के असते ही गोष्ट सोयरीक जुळवणाऱ्या घरात कोणत्या शब्दांत सांगावी, ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेल्या कुटुंबातील रुग्णाच्या गोळ्या का खंडतात, हे सारे प्रश्न बायोमेडिकल अँथ्रोपॉलॉजीचे, म्हणजे जैववैद्यकीय मानवशास्त्राचे आहेत.

या नावाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन विद्यापीठात मिळते. पण खर्च पाहता तेथून सुरुवात करावी, असे मला वाटत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागात पदव्युत्तर शिक्षण घेऊन प्रबंधाचा विषय आरोग्याचा निवडता येईल. आरोग्य कार्यक्रमांचेच काम आवडत असेल, तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम अधिक जवळचा आहे.

या पदवीने डॉक्टर होता येत नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे; नाहीतर पहिल्या सुट्टीतच शेजारी औषध विचारायला येतील. नोकऱ्या बहुधा संशोधन प्रकल्पांत, आनुवंशिक आजारांच्या समुपदेशनात आणि आरोग्य कार्यक्रमांच्या मूल्यमापनात असतात, आणि त्यांपैकी अनेक कंत्राटी असतात. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत सुमारे 7 कोटी लोकांच्या तपासणीचे आणि 2047 पर्यंत निर्मूलनाचे उद्दिष्ट आहे. तपासणीनंतर घरोघरी बोलणारी माणसे त्यासाठी लागणारच.

प्रवेशापूर्वी संख्याशास्त्र पक्के करावे, कारण प्राणिशास्त्राचे विद्यार्थी तेथेच अडखळतात. अहिराणीखेरीज पावरी किंवा भिली बोली येत असल्यास अर्जात ते अगदी वर लिहावे.