घाटातली धाव आणि देणगीचा हिशेब

प्रश्न : यवतेश्वर घाटातील अर्धमॅरेथॉन धावून मी अनाथ मुलांच्या एका वसतिगृहासाठी निधी जमवणार आहे. स्पर्धेचे प्रवेशशुल्क देणगीत धरता येईल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. शुल्काच्या बदल्यात आपल्याला स्पर्धेतील सहभाग मिळतो, म्हणून ते आपण स्वतः भरावे; देणगीदारांनी मात्र रक्कम थेट संस्थेच्या खात्यात जमा करावी, म्हणजे पावती त्यांच्याच नावाने निघेल. स्वतःच्या खात्यात पैसे गोळा करणे कृपया टाळावे, कारण हेतू निर्मळ असूनही पुढे हिशेबावरून मने दुखावतात. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर आयकर सवलत मिळत नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्यांना ती मुळीच नाही, हेही आधीच सांगावे. अंतर २१.०९७५ किलोमीटर, त्यात घाटाचा चढ. दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम मागून पाहा, लोक आपुलकीने देतात.