विक्रमांपुढे तारांकन लावावे, की संदर्भ पाहून त्यांचे मोल ठरवावे?

वेगळ्या किंवा वादग्रस्त परिस्थितीत झालेल्या विक्रमांपुढे तारांकन, म्हणजे ‘हा विक्रम वेगळा समजावा’ असे सुचवणारी * ही खूण, लावावे, की ते जसेच्या तसे ठेवून संदर्भासह त्यांचे मूल्यमापन करावे, असे आपण विचारले आहे. मी दुसऱ्या पक्षाचा आहे, पण त्यात एक भेद करतो. जी परिस्थिती मोजता येते आणि जिच्याविषयीचा नियम सर्वांना आधीपासून सारखाच ठाऊक असतो, तिची नोंद आकड्याबरोबर अवश्य व्हावी. जिच्याविषयी केवळ मत किंवा संशय आहे, तिची चर्चा लेखांत आणि इतिहासात व्हावी, विक्रमांच्या तक्त्यात नव्हे.

तारांकनाचा वाद ज्या प्रकरणामुळे प्रसिद्ध झाला, ते अमेरिकेतील बेसबॉलचे आहे. बेब रूथने १९२७ मध्ये एका हंगामात ६० होम रन (चेंडू थेट मैदानाच्या हद्दीबाहेर टोलवणारे फटके) मारले होते. १९६१ मध्ये रॉजर मॅरिस आणि मिकी मँटल त्या आकड्याकडे झेपावू लागले, तेव्हा हंगाम १५४ ऐवजी १६२ सामन्यांचा झालेला होता. बेसबॉलचे आयुक्त, म्हणजे सर्वोच्च प्रशासक, फोर्ड फ्रिक यांनी हंगाम अर्ध्यावर आलेला असताना जाहीर केले की पहिल्या १५४ सामन्यांत विक्रम मोडला गेला नाही, तर त्याची नोंद वेगळी दाखवली जाईल. मॅरिसने ६१वा होम रन हंगामाच्या शेवटच्या सामन्यात मारला. हे फ्रिक पूर्वी पत्रकार असताना रूथच्या नावाने लेख लिहून देत असत, ही गोष्ट येथे नजरेआड करता येत नाही. प्रत्यक्षात तारांकन असे कधी छापलेच गेले नाही. दोन नोंदी स्वतंत्र दाखवल्या गेल्या, आणि १९९१ मध्ये ती विभागणी रद्द झाली तेव्हा मॅरिस हयात नव्हता. माझा आक्षेप दुहेरी आहे. एक तर नियम स्पर्धा सुरू झाल्यावर केला गेला, आणि दुसरे म्हणजे संदर्भ फक्त नव्या खेळाडूचा पाहिला गेला. रूथच्या काळात कृष्णवर्णीय खेळाडूंना त्या लीगची दारे बंद होती, पण म्हणून त्याच्या ६० पुढे कोणी काही खूण केली नाही.

याउलट ॲथलेटिक्समध्ये हे काम बरेच शिस्तीने होते. शंभर मीटर धावणे किंवा लांब उडी यांसारख्या प्रकारांत पाठीवरच्या वाऱ्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपेक्षा अधिक असेल, तर कामगिरी विक्रम म्हणून धरली जात नाही, आणि हे प्रत्येक खेळाडूला मैदानात उतरण्यापूर्वी माहीत असते. भालाफेकीत तर साधनच बदलले. पूर्व जर्मनीच्या उवे होनने १९८४ मध्ये १०४.८० मीटर भाला फेकल्यानंतर मैदाने अपुरी पडू लागली. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य पुढे सरकवण्यात आला आणि विक्रमांची यादी नव्याने सुरू झाली. पुढे याच होनने काही काळ नीरज चोप्राला प्रशिक्षण दिले. नीरजने २०२५ मध्ये दोहा येथे ९०.२३ मीटरची फेक केली. ती आपल्या गुरूच्या फेकीपेक्षा चौदा मीटरहून अधिक कमी पडली असे म्हणणे अज्ञानाचे ठरेल, कारण दोघांच्या हातातील भाले वेगळे होते. होनच्या नावाला डाग न लावता जुनी यादी बंद केली गेली, हे मला सर्वांत न्याय्य वाटते.

उत्तेजक द्रव्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. गुन्हा सिद्ध झाला, तर विक्रम काढून टाकावा. कॅनडाच्या बेन जॉन्सनची सोल ऑलिंपिकमधील शंभर मीटरची ९.७९ सेकंदांची धाव १९८८ मध्ये अशीच रद्द झाली, तिथे तारांकनाची गरजच पडली नाही. परंतु २०१७ मध्ये युरोपीय ॲथलेटिक्स संघटनेकडून असा प्रस्ताव पुढे आला की २००५ पूर्वीचे विक्रम यादीतून वगळावेत, कारण चाचणीचे नमुने दीर्घकाळ जपून ठेवण्याची पद्धत त्यानंतरची आहे. त्यात ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफचा २००३ मधील २:१५:२५ हा मॅरेथॉनचा विक्रमही गेला असता, म्हणून तिने तीव्र विरोध केला, आणि तो मला पटतो. काही विक्रम संशयास्पद आहेत म्हणून निर्दोष माणसाकडून निर्दोषत्वाचा पुरावा मागणे, हा न्याय नव्हे.

आपल्या क्रिकेटमध्ये तारांकन म्हणजे नाबाद, आणि तेही किती अपुरे पडते हे भाऊसाहेब निंबाळकरांच्या ४४३* वरून दिसते. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी सामन्यात महाराष्ट्राची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली असताना काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडून दिला. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ या तेव्हाच्या विक्रमाची बरोबरी करण्यास निंबाळकरांना केवळ नऊ धावा हव्या होत्या. १९९४ मध्ये ब्रायन लाराने केलेल्या ५०१ पुढेही तेच चिन्ह आहे. एकाने दिवस संपेपर्यंत फलंदाजी केली आणि दुसऱ्याला प्रतिस्पर्ध्यांनी थांबवले, हा फरक त्या चिन्हातून कळत नाही. तो धावफलकाखालच्या एका ओळीतून कळतो, आणि तेवढी ओळ मला पुरेशी वाटते. मात्र ही हकिगत सांगताना आपण मराठी लोक काठियावाडची गोलंदाजी त्या काळच्या बलाढ्य संघांच्या तोडीची नव्हती, हे सांगायचे सहसा विसरतो. मॅरिसला न्याय मागायचा, तर निंबाळकरांच्या बाबतीत हाही संदर्भ त्याच ओळीला जोडून सांगावा लागेल.