क्लास बोलण्याचा, अडचण लिहिण्याची

प्रश्न : मुलगी साखळीच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी माध्यम. वाचलेलं तिला समजतं, पण लिहायला बसली की वाक्य लांबत जातं आणि मध्येच चुकतं. उत्तरपत्रिकेवर 'व्याकरण कच्चं, उत्तर पसरट' असा शेरा येतो. पदवीनंतर बँकेच्या परीक्षा द्यायच्या आहेत. पणजीतला स्पोकन इंग्लिशचा क्लास लावावा का? जाऊन-येऊन अख्खी संध्याकाळ मोडते. (एक आई, वाळपई)

उत्तर : ताई, हा क्लास तूर्त लावू नका. अशा क्लासात बोलण्याची भीड मोडते, पण तुमच्या लेकीचं अडतं ते लिहिताना. त्यासाठी कदंबाच्या बसचे हेलपाटे कशाला? घरच्या टेबलावर रोज अर्धा तास आणि एक लाल पेन पुरे.

शेऱ्यात दोन दोष लिहिलेत, पण मला ते एकाच दुखण्याचे वाटतात. वाक्य लांबलं की कर्ता एका टोकाला राहतो, क्रियापद दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या गर्दीत व्याकरण निसटतं. 'द लिस्ट ऑफ सिलेक्टेड कँडिडेट्स फ्रॉम ऑल तालुकाज आर डिस्प्लेड' हे वाक्य बघा. लावलीय ती यादी, म्हणजे 'इज' हवं. पण जवळच्या 'कँडिडेट्स' आणि 'तालुकाज'नी 'आर' ओढून आणलं. तिला नियम ठाऊक नाही असं मुळीच नाही. म्हणून व्याकरणाचं पुस्तक पहिल्या धड्यापासून, नामाच्या प्रकारांपासून सुरू करू देऊ नका. वाक्य आटोक्यात आलं की निम्म्या चुका आपोआप जातील.

आटोक्यात आणायचं म्हणजे काय, ते पाहा. वीज खात्याला लिहायच्या अर्जात मुलं हमखास असं लिहितात : 'धिस इज टू ब्रिंग टू युअर काइंड नोटिस दॅट ड्यू टू द फॅक्ट दॅट देअर वॉज नो इलेक्ट्रिसिटी सप्लाय इन अवर वॉर्ड सिन्स लास्ट टू डेज, वी आर फेसिंग अ लॉट ऑफ प्रॉब्लेम्स.' शब्द ३३, आणि वीज कोणत्या वारी गेली, खात्याने करायचं काय, याचा पत्ता नाही. आता हे : 'अवर वॉर्ड हॅज हॅड नो पॉवर सिन्स मंडे. प्लीज सेंड अ लाइनमन.' शब्द १२. वार आला, मागणी आली, गेला तो नुसता नमस्कार-चमत्कार. आपल्याकडच्या सरकारी अर्जांनी ही पसरट भाषा मुलांच्या अंगवळणी पाडलीय, त्यात तुमच्या मुलीचा दोष थोडाच. तिला सांगा, आधी 'कोणी काय केलं' एवढंच लिही. मग तारीख, आकडा, नाव घाल. बाकी शब्द काढून बघ. अर्थ बदलला नाही तर ते गेलेलेच बरे. 'ड्यू टू द फॅक्ट दॅट'च्या जागी 'बिकॉज' आणि 'इन ऑर्डर टू'च्या जागी 'टू' बहुतेक वेळा चालतं. मात्र कॉमर्सच्या उत्तरातले मुद्दे किंवा आकडे कापायचे नाहीत, त्यांनाच गुण असतात.

उरलेल्या चुकांचे प्रकार मोजकेच असतात. 'अ', 'अ‍ॅन', 'द' गाळलेले मराठी-कोकणीवर वाढलेल्या कानाला खटकतच नाहीत. 'ऑल्दो'ने सुरू केलेल्या वाक्यात आपली 'जरी-तरी'ची सवय 'बट' घुसवते. 'डिस्कस अबाउट', 'रिटर्न बॅक' (यांत 'अबाउट' आणि 'बॅक' नकोतच) ही नेहमीची मंडळी. 'सिन्स'पुढे सुरुवातीची वेळ हवी आणि 'फॉर'पुढे कालावधी. वरच्या अर्जातलं 'सिन्स लास्ट टू डेज' तिथेच चुकलं. तिच्या जुन्या उत्तरपत्रिका किंवा वह्या काढा, चुका प्रकारांप्रमाणे मोजायला सांगा, आणि सर्वांत जास्त असलेली एकच चूक आठवडाभर धरा. बाकीच्यांकडे तोवर काणाडोळा केला तरी चालेल.

रोजच्या सरावासाठी गोव्यासारखी सोय क्वचित मिळते. म्हादई नदीच्या पाणीवादाची किंवा विधानसभेची एकच बातमी सकाळी 'गोमन्तक'मध्ये मराठीत असते आणि 'नवहिंद टाइम्स'मध्ये इंग्रजीत. आधी मराठी बातमी वाचून पेपर मिटायचा आणि आठवेल तेवढं इंग्रजीत पाच वाक्यांत लिहायचं. ओळीला ओळ भाषांतर नको, त्यात मराठीची ठेवण तशीच उतरते. मग लाल पेनाने छाटायचं, आणि शेवटी इंग्रजी बातमीशी ताडून बघायचं. दोन्ही पेपर घरी येत नसतील तर वाचनालय आहेच. मोबाइलवरचं चुका दाखवणारं अ‍ॅप वापरू दे, पण तिचं लाल पेन फिरल्यानंतर. आधीच वापरलं तर सराव अ‍ॅपचा होतो.

आता परीक्षांचं. आयबीपीएस म्हणजे सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था. तिच्या क्लार्क (आता 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट') भरतीच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न २० मिनिटांत सोडवायचे असतात, सगळे बहुपर्यायी. तिथे चूक पटकन दिसली पाहिजे, आणि स्वतःच्या वहीतल्या चुका मोजणारीला ती दिसते. प्रोबेशनरी ऑफिसरच्या मुख्य परीक्षेत मात्र वर्णनात्मक पेपरही असतो : ३० मिनिटं, उत्तर संगणकावर टाइप करायचं. म्हणून तिसऱ्या वर्षाला गेल्यावर वहीतला हा सराव कीबोर्डवर न्या, समोर घड्याळ लावून. टायपिंग पुढे सरकारी खात्यांतल्या कारकुनीच्या भरतीतही कामी येतं. मुलाखतीची वेळ आली आणि बोलताना अडलीच, तर स्पोकनच्या क्लासचा विचार तेव्हा करू.