घरपट्टी गावाची थकली, पगार नळवाल्याचा कापला

"मॅडम, टॅक्स लोकं भरत नाहीत, मंग पगार माया काऊन कटते?" यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत पाण्याचा पंप चालवणारे हे भाऊ आमच्याकडे समुपदेशनाला आले. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. झोप उडालेली, पगार कमी आल्याचं घरी ठाऊक नाही. वसुलीला दारोदार तेच फिरतात, म्हणून 'आपणच कमी पडलो' हे मनात घट्ट बसलेलं.

आधी सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? असं विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. "कधी कधी वाटते," म्हणाले. फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून भावाकडे हलवायचं ठरलं आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोबाइलमध्ये घातला.

मग पासबुक. ग्रामपंचायत कर्मचाऱ्याच्या वेतनात एक वाटा शासनाचा, एक ग्रामपंचायतीचा. 28 एप्रिल 2020 च्या शासन निर्णयानं शासनाचा वाटा करवसुलीच्या टक्केवारीला बांधला. कापसाला भाव नसला की घरपट्टी थकते आणि कात्री सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर चालते. आमच्या मते हा अन्यायच आहे. पण नुसता धीर देऊन अपराधीपणा जात नाही, हिशोब डोळ्यांनी दिसावा लागतो. वहीत दोन रकाने पाडून महिनावार आकडे लिहिले, तेव्हा कळलं की ग्रामपंचायतीचा वाटाही बरेच महिने जमाच नाही. कपात वेगळी, थकबाकी वेगळी. थकबाकी लेखी मागता येते. अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, प्रत गटविकास अधिकाऱ्याला, आणि पोच घेतल्याशिवाय परतायचं नाही. तोंडी मागणं कागदावर उरत नाही. नमुना 9 मध्ये, म्हणजे ग्रामपंचायतीच्या कर मागणीच्या नोंदवहीत, 'मागील बाकी' पाहिली, तर त्यात पडक्या घरांची आणि गाव सोडून गेलेल्यांची घरपट्टी. ती कितीही फिरून मिळणारी नव्हती.

घरी सांगणं सगळ्यात जड. ते इथंच बोलून पाहिलं, आधी रक्कम, मग कारण. मायक्रोफायनान्सचं कर्ज बायकोच्या नावावर, त्यामुळे लपवलं तर हप्त्याच्या दिवशी तीच तोंडघशी पडते आणि खड्डा बुजवायला सावकार गाठला जातो. हप्ता चुकण्याआधी दोघांनी मिळून शाखेत जाऊन मुदत मागायची. वसुलीवाला सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर आला, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं त्याला परत पाठवता येतं.