बोनसमधून सायलेन्सरची टोके: शोभेचे किती, कामाचे किती?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र दोनदा वाचले. इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून त्याचा गोषवारा आधी देतो. आपल्या मोटारीच्या मागे सायलेन्सरची एकच बारीक, खाली वाकलेली नळी दिसते आणि ती आपल्याला पहिल्या दिवसापासून खटकते आहे. गॅरेजने आपल्यापुढे तीन पर्याय ठेवले आहेत. पहिला, क्लॅम्पने आवळून बसवायचे क्रोमचे टोक. दुसरा, स्टेनलेस स्टीलची दुहेरी भिंतीची दोन टोके वेल्डिंग करून बसवणे. तिसरा, मागचा संपूर्ण सायलेन्सर बदलून, बंपर कापून दोन्ही बाजूंना मिळून चार टोके बसवणे, आणि तेही ३६ हप्त्यांत. गाडीच्या कर्जाची तीन वर्षे अजून बाकी आहेत, आपत्कालीन निधी दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढा आहे, टायर बदलायला झाले आहेत आणि लवकरच एका महिन्याच्या उत्पन्नाएवढा बोनस हाती येणार आहे. तिसऱ्या पर्यायाने इंजिनाचा श्वास मोकळा होईल, मायलेज वाढेल आणि गाडी विकताना किंमतही जास्त येईल, असे आपल्याला सांगण्यात आले आहे.

आपले मासिक उत्पन्न १०० धरून मी सर्व हिशेब त्या प्रमाणात मांडतो. आपण कळवलेल्या आकड्यांनुसार घरखर्च ६०, इंधन १२, टायर २० आणि तिन्ही पर्याय अनुक्रमे ५, २५ आणि १५० असे येतात.

सुरुवात इंजिनाच्या श्वासापासून करतो, कारण तिसऱ्या पर्यायाचे सगळे समर्थन त्यावरच उभे आहे. इंजिनातून निघालेल्या वायूला वाटेत जो अडथळा होतो तो मुख्यतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या भागाच्या) बारीक जाळीत, सायलेन्सरच्या आतील कप्प्यांत आणि नळीच्या सर्वांत अरुंद भागात होतो. शेवटच्या टोकापर्यंत पोहोचताना वायू बराच थंड झालेला असतो, त्यामुळे त्याचे आकारमानही घटलेले असते. अरुंद नळीच्या अखेरीस रुंद तोंड बसवले म्हणून मागची नळी रुंद होत नाही. सायलेन्सर बदलल्याने आवाज निश्चित बदलेल, परंतु रोजच्या रहदारीत चालणाऱ्या गाडीच्या इंधनखर्चात त्यामुळे जाणवण्याजोगा फरक पडेल असे गृहीत धरून पैसे गुंतवू नयेत. तरीही वादापुरते मान्य करू की इंधनात दोन टक्के बचत होईल. आपला वर्षाचा इंधनखर्च १४४, त्याचे दोन टक्के म्हणजे तीनहूनही थोडे कमी. १५० चा खर्च त्या बचतीतून वसूल व्हायला ५२ वर्षे लागतील.

हप्त्यांचा हिशेब याहून गंभीर आहे. आपल्याला सांगितलेल्या १२ टक्के दराने १५० ची रक्कम ३६ महिन्यांत फेडायची झाल्यास दरमहा जवळजवळ ५ द्यावे लागतील आणि एकूण परतफेड १७९ च्या घरात जाईल. म्हणजे नुसत्या व्याजापोटी आपण जे २९ द्याल, त्यात दुसरा पर्याय पूर्ण बसतो आणि वर थोडे उरतात. गाडीचा हप्ता चालू असताना तिच्या शोभेसाठी दुसरा हप्ता अंगावर घेण्याला मी संमती देऊ शकत नाही, आणि यात मला मुळीच शंका नाही.

आता ज्या प्रश्नासाठी आपण खरे तर लिहिले आहे, त्याकडे येतो: टोक ही केवळ शोभेची वस्तू आहे, की त्याला काही काम आहे? काम आहे, आणि ते साधे असले तरी महत्त्वाचे आहे. तापलेला वायू बंपरच्या प्लास्टिकपासून दूर नेऊन सोडणे आणि तो गाडीखाली किंवा डिकीच्या फटींजवळ घुटमळू न देणे, हे ते काम. गाडी धावत असताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि बाहेर पडलेला धूर पुन्हा मागच्या दाराकडे ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. म्हणून टोक बंपरच्या आत राहता कामा नये, आणि डिकीचे रबर झिजले असेल तर ते टोकाआधी बदलावे.

दुसरी गोष्ट फटीची. सायलेन्सर रबरी टांगण्यांवर लोंबकळत असतो आणि इंजिनाबरोबर हलतो, बंपर मात्र सांगाड्याला घट्ट जोडलेला असतो. त्यातच स्टेनलेस स्टीलची दोन मीटर नळी ३०० अंशांनी तापली तर लांबीला साधारण १० मिलिमीटर वाढते. दुकानात गाडी थंड आणि उभी असताना टोक बंपरच्या खाचेत अगदी नेटके, केसभर अंतर सोडून बसलेले दिसते, आणि दिसायला तेच सर्वांत देखणे असते. पण गाडी तापली आणि खड्ड्यातून गेली की तेच टोक बंपरला घासते किंवा प्लास्टिक भाजून काढते. अनेक कारखान्यांनी यावर जो मार्ग काढला तो आपणही रस्त्यावर पाहिला असेल. बंपरमध्ये चकचकीत चौकट कायमची बसवायची आणि खरी नळी तिच्यामागे, बहुधा खाली वाकवून, निराळी सोडायची. चौकटीला फारसा ताप लागत नाही आणि ती काळीही पडत नाही. या रचनेला मी फसवणूक म्हणणार नाही. परंतु मागून लागलेल्या एका लहानशा धक्क्यात बंपरबरोबर ती चौकटही बदलावी लागते, हे खर्चाच्या दृष्टीने लक्षात असू द्यावे. आपली खाली वाकलेली नळी याच विचारातून आली आहे. ती कुरूप असेल, पण तिचे काम ती चोख करते आहे.

पहिला पर्याय स्वस्त आहे, तरीही मी तो सुचवत नाही, आणि याला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे. माझ्या पहिल्या गाडीला मी एका दुकानातून असेच क्रोमचे टोक बसवून घेतले होते. वर्षभर ते आरशासारखे चमकत होते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एके दिवशी गाडी पुसताना टोकाच्या आतून बोट फिरवले, तर काजळीच्या खाली खरखरीत पापुद्रे लागले आणि बोटाला काळ्याबरोबर तांबूस रंगही आला. बाहेरून अजून काहीच दिसत नव्हते. पुढच्या काही महिन्यांत कडेची चमक फुगून सुटू लागली आणि तो तुकडा काढून टाकावा लागला.

असे का होते, ते समजून घेतले तर खरेदी सोपी होते. शोभेच्या क्रोमचा वरचा थर एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, पातळ असतो, खरे संरक्षण त्याखालच्या निकेलच्या थराचे असते, आणि विजेच्या प्रवाहाने मुलामा चढवताना नळीच्या आतल्या भागात तो नीट पोहोचत नाही. नेमके तिथेच पाणी साचते. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी तयार होते. ते एरवी वाफ होऊन निघून जाते, पण थंड सायलेन्सरमध्ये त्याचे थेंब होतात. सकाळी गाडी सुरू केल्यावर टोकातून ठिबकणारे पाणी हेच. आपण लिहिता की आपला रोजचा प्रवास चार-पाच किलोमीटरचा आहे. एवढ्या अंतरात सायलेन्सर पुरता तापत नाही, आतले पाणी आटत नाही आणि गंज आतून सुरू होतो. आपल्या वापराला मुलाम्याचे साधे लोखंड म्हणूनच सर्वांत कमी मानवेल. ५ खर्चून दर दीड-दोन वर्षांनी ते बदलायचे की २५ एकदाच खर्चून गाडी असेपर्यंत निर्धास्त राहायचे, एवढाच प्रश्न असता तर नुसत्या आकड्यांत दोन्ही फार दूर नाहीत. पण पहिल्यात दरवेळी सैल झालेला क्लॅम्प, खडखड आणि गॅरेजची फेरी हा भाग वेगळा.

म्हणून राहतो दुसरा पर्याय. त्याचे पैसे टोकांच्या संख्येला न देता धातूला आणि जोडकामाला द्यावेत. ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ४०९ दर्जात क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास असते. ते नळ्यांसाठी चांगले टिकते, पण वरून तपकिरी पडते. टोकासाठी ३०४ मागावे आणि खरेदीला जाताना खिशात लहानसे लोहचुंबक न्यावे. ते घट्ट चिकटले तर समोरचा तुकडा ३०४ नव्हे. वाकवलेल्या कडेला किंचित ओढ जाणवली तर ती मात्र चालते. कड आत वळवलेली असावी, कारण धारदार कडेने पोटरी कापते. दुहेरी भिंतीमुळे बाहेरचा पृष्ठभाग कमी तापतो, तेही आपल्या घरात लहान मूल असल्याने उपयोगी आहे. टायटॅनियमचा मोह टाळावा. ते पोलादाच्या निम्म्याहून थोडे अधिक वजनाचे असते हे खरे, पण टोकाच्या चिमूटभर वजनात तो लाभ आपल्या गाडीला कळणारही नाही.

विक्रीच्या किमतीबद्दल आपल्या पत्नीने घेतलेली शंका रास्त आहे. जुन्या गाडीचा ग्राहक मूळ स्थितीतली गाडी पाहतो. कापलेला बंपर त्याला अपघाताची आठवण करून देतो आणि आपण हौसेने केलेल्या खर्चाचे तो क्वचितच वेगळे पैसे मोजतो. दुसऱ्या पर्यायात बंपरला हात लागत नाही. वेल्डिंगसाठी नळीचा जो शेवटचा भाग कापला जाईल तो परत मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. काम करण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवावे आणि गाडीच्या वॉरंटीतील सायलेन्सरविषयीचे कलम वाचावे, कारण न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी वादाचा मुद्दा होऊ शकतो.

आता बोनसच्या १०० ची वाटणी. पहिले २० टायरना द्यावेत. खोबणीची खोली १.६ मिलिमीटर उरली की टायरमधले झीजदर्शक उंचवटे पृष्ठभागाशी येतात आणि आपण पाठवलेल्या छायाचित्रात ते आलेले दिसत आहेत, त्यामुळे या खर्चाला एक आठवडाही थांबू नये. पुढचे ६० आपत्कालीन निधीत टाकावेत. आज तिथे १२० आहेत, ते १८० होतील, म्हणजे तीन महिन्यांचा घरखर्च. सहा महिन्यांचे उद्दिष्ट त्यानंतर मासिक बचतीतून गाठता येईल. उरलेले २० आपल्या हौसेचे आहेत, आणि ते तसेच म्हणावे. रोज सकाळी आपली गाडी पाहून बरे वाटणे ही खर्च करण्याजोगी गोष्ट आहे, तिला मायलेजचे खोटे कारण जोडण्याची गरज नाही. कमी पडणारे ५ पुढच्या दोन महिन्यांच्या बचतीतून काढावेत. त्या दोन महिन्यांत गॅरेजकडून धातूचा दर्जा, टोकाचा व्यास आणि बंपरपासूनचे अंतर लेखी मागवून घ्यावे. आणि काम झाल्यावर गाडी तिथून लगेच न हलवता, इंजिन पूर्ण तापू देऊन, टोक आणि बंपर यांच्यामधली फट बोटाने नव्हे, लाकडी पट्टीने मोजून पाहावी.

आपला विश्वासू,
आर्थिक नियोजक