एकसष्टाव्या वर्षी पहिला क्रमांक

प्रश्न : वडिलांच्या जुन्या कॅसेटमध्ये अमेरिकी गायक केनी रॉजर्स यांची एक कॅसेट सापडली. त्यांच्या पुनरागमनाचे ‘बाय मी अ रोज’ हे गाणे २००० साली तिकडे पहिल्या क्रमांकावर होते, असे वाचले. हा क्रमांक विक्रीवरून ठरला का? आणि इतके साधे गाणे तिथवर पोहोचले कसे?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : विक्रीवरून नव्हे. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या कंट्री (अमेरिकी ग्रामीण धाटणीच्या) गाण्यांच्या यादीत १९९० पासून २०१२ पर्यंत रेडिओवर गाणे किती वाजले, एवढेच मोजले जाई. त्यामुळे रेडिओ केंद्रांनी पाठ फिरवली की गायक यादीतून गेलाच. नव्वदच्या दशकात गार्थ ब्रूक्स यांच्या पिढीने रेडिओ व्यापला आणि ‘लुसिल’, ‘द गॅम्बलर’ गाणारे रॉजर्स बाजूला पडले. त्यांचे आधीचे पहिल्या क्रमांकाचे गाणे १९८७ मधले, रॉनी मिल्सॅप यांच्यासोबतचे. अशा काळात मोठ्या कंपनीच्या पाठबळावाचून, स्वतःच्या ‘ड्रीमकॅचर’ या छोट्या कंपनीतर्फे त्यांनी १९९९ मध्ये जो अल्बम काढला, त्यातले हे गाणे मे २००० मध्ये पहिले आले, तेव्हा ते ६१ वर्षांचे होते. त्या यादीत इतक्या वयात तोवर कोणीही पहिले आले नव्हते. (पुढे २००३ मध्ये विली नेल्सन यांनी सत्तरीत तो मान मिळवला.)

आता साधेपणाविषयी. माझ्या मते तेच या गाण्याचे बळ आहे. राबराब राबून बायकोला तीन गाड्यांचे गॅरेज देणारा नवरा आणि एक गुलाब, कामावरून एखादा फोन, तिच्यासाठी उघडून धरलेले दार एवढ्याचीच आस असलेली ती, इतकीच ही गोष्ट. आपल्या विदर्भातल्या खडी गंमतीत शाहीर गाता गाता गोष्ट सांगतो, तसेच रॉजर्स गातात: आवाज चढवत नाहीत, समोर बसून बोलल्यासारखा शब्द ठेवतात आणि खरखर लपवत नाहीत. अ‍ॅलिसन क्राउस आणि बिली डीन मागून झील धरतात, पण गोष्टीवर कुठेही कुरघोडी करत नाहीत. तिशीतल्या गायकाच्या तोंडी हीच गोष्ट उपदेशासारखी वाटली असती; साठी ओलांडलेल्या आवाजात ती स्वतःच्या चुकीच्या कबुलीसारखी ऐकू येते.

आपल्या कॅसेटवर १९७७ चे ‘लुसिल’ असेल, तर आधी ते ऐकावे आणि लगेच हे लावावे. आवाज थकलेला जाणवेल. सांगण्याची लय मात्र तीच आहे.